रुपयातला भाव आणि ग्राहकाचा भरवसा

संगणकावरचे गेम विकणारं स्टीम हे दुकान अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलं. भारतातल्या ग्राहकाला तिथे रुपयांत भाव दिसू लागला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये. मधली बारा वर्षं इथल्या माणसाला किंमत डॉलरमध्ये वाचावी लागे, परदेशी व्यवहार चालणारं कार्ड कुणाकडून तरी मिळवावं लागे आणि बँकेने शेवटी नेमके किती कापले ते नंतर कळे. मुंबई-पुण्यात असं कार्ड निदान ओळखीत सापडायचं. वाशिम, कारंजा, रिसोडच्या पोरांसाठी तो रस्ता जवळजवळ बंद होता. गेम म्हणजे कुणीतरी मोठ्या गावाहून आणलेली कॉपी केलेली सीडी, आणि पुढे पेनड्राइव्हवर फिरणारी फाइल. रुपयातला भाव आला, पाठोपाठ २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि पहिल्यांदाच वाशिम जिल्ह्यातला मुलगा त्याच दुकानात, त्याच दारातून आत जाऊ शकला ज्या दारातून न्यू जर्सीतला त्याचा आतेभाऊ जात होता.

आत गेल्यावर मात्र दोघांना वेगवेगळा भाव दिसतो. फाइल एकच. गोदाम नाही, ट्रकचं भाडं नाही, दुकानाची पागडी नाही. तरी ती एका देशात स्वस्त, दुसऱ्यात महाग. याला गेमच्या धंद्यात प्रादेशिक भाव म्हणतात आणि त्यावरून गेली दहा-पंधरा वर्षं जगभर वाद चालू आहेत. त्या वादांकडे वाशिमहून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. भाव वेगळा असणं हा अन्याय नाही. तो कसा ठरला, किती दिवस टिकेल आणि माल बिघडलेला निघाला तर पैसे कुठून परत मिळतील, हे ग्राहकाला न सांगणं हा अन्याय आहे. भरवसा तुटतो तो तिथे.

आधी परवडण्याचं बोलू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. प्लेस्टेशन ५ साठीच्या मोठ्या नव्या गेमची भारतातली किंमत तेव्हा ४,९९९ रुपये. म्हणजे एका गेमला एक क्विंटल सोयाबीनही पुरत नाही, आणि त्या हंगामात बाजारातला प्रत्यक्ष भाव हमीभावाच्याही खालीच राहिला. ज्या जिल्ह्याचं खरीप सोयाबीन आणि तुरीवर उभं आहे, जो २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, तिथे या किमतीला गेम विकणं म्हणजे जवळपास कुणालाच न विकणं. डॉलरमधल्या भावाच्या जवळपासचाच भाव रुपयात लावला तर काय होतं त्याचं हे उदाहरण. म्हणूनच प्रादेशिक भावाला उपकार समजायचं कारण नाही. अमेरिकेतल्या कमाईवर बेतलेली किंमत इथे लावली तर विक्री होत नाही आणि माल चोरीने पसरतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला ४९९ रुपयांचा मासिक पर्याय १९९ वर आणला तो याच हिशेबाने.

गेमच्या दुकानात हा हिशेब करतं कोण? लोकांचा समज असा की स्टीमच भाव लावतं. तसं नाही. भाव प्रकाशक लावतो. डॉलरमधल्या अमुक किमतीला रुपयात, लिरात, पेसोत किती असावेत याचा एक सुचवलेला तक्ता व्हॉल्व्ह प्रकाशकांना देते, आणि क्रयशक्ती, महागाई, चलनाचा दर असं बरंच काही त्यात धरलेलं असतं. तो पाळायचा की नाही हे प्रकाशकाच्या मर्जीवर. म्हणून अमेरिकेत ५९.९९ डॉलर या एकाच किमतीला आलेले दोन गेम भारतात वेगळ्या भावाने उतरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ स्टीमवर २,९९९ रुपयांना आला, आणि वर्षभराने ब्लॅक मिथ: वुकाँग ३,५९९ रुपयांना. डॉलर सरळ फिरवला असता तर दोन्ही पाच हजारांच्या घरात गेले असते. सहाशे रुपयांचा हा फरक का, हे मात्र दुकानाच्या पानावर कुठेही लिहिलेलं नसतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हने तो तक्ता नव्याने काढला. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानसाठीचे आकडे कित्येक पटींनी चढले, आणि भारतासाठीचेही बरेच वर गेले. चलन घसरलं होतं, तेव्हा सुधारणा लागणारच होती. पण हा तक्ता प्रकाशकांसाठी असतो. ग्राहकाला कळतं ते एवढंच की काल आवडीच्या यादीत ठेवलेला गेम आज महाग झाला.

अर्जेंटिना आणि तुर्कस्तानची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे उद्या काय होऊ शकतं ते तीत दिसतं. दोन्ही देशांत महागाईने कहर केला होता, पेसो आणि लिरा कोसळत होते, आणि त्यामुळे तिथले स्टीमवरचे भाव जगात सर्वांत स्वस्त दिसू लागले. दूरदूरच्या लोकांनी व्हीपीएन लावून स्वतःला तिथले रहिवासी दाखवलं आणि कवडीमोलाने गेम घेतले. व्हॉल्व्हने २०२१ मध्ये खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला आणि पैसे त्या देशातल्याच साधनाने भरायचे अशी अट घातली, तरी गळती पुरती थांबली नाही. काही प्रकाशकांनी तिथले भाव वाढवले. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांतलं स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये भाव सुरू केले. लॅटिन अमेरिका आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका यांच्यासाठी वेगळा, सवलतीचा डॉलर-भाव ठेवण्याची सोय होती. पण ज्या प्रकाशकांनी तो भरला नाही, त्यांच्या गेमला थेट अमेरिकेचा भाव लागला. परक्यांनी घेतलेल्या गैरफायद्याचा आणि ढासळत्या चलनाचा भुर्दंड बसला तो ब्वेनोस आयरेसच्या आणि अंकाराच्या पगारदार माणसाला, ज्याने कुठलीच लबाडी केली नव्हती.

भारतीय भावाचा असा गैरवापर टाळण्यासाठी कुंपणं आहेत, आणि ती मराठी घरांनाही लागतात. दोन देशांतल्या भावात मोठी तफावत असेल तर २०१७ पासून स्टीमवर तो गेम भेट म्हणून सीमेपार पाठवता येत नाही. वाशिमच्या मामाने जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याला वाढदिवसाला गेम पाठवायचा म्हटलं तर दुकान नाही म्हणू शकतं. याउलट तो भाचा कायमचा तिकडे राहू लागला की त्याच्या खात्याला युरोतला भाव लागतो, आधी रुपयात घेतलेले गेम मात्र त्याच्याकडे राहतात. मला हे कुंपण समजतं. नसतं तर इथला कमी भाव टिकलाच नसता. पण ते कुठे आहे आणि का आहे, हे पैसे भरण्याआधी साध्या भाषेत सांगितलं पाहिजे. स्टीमच्या दुकानात मराठीचा पर्यायच नाही, तेव्हा परताव्याचे आणि भेटीचे नियम वाचणार कोण?

कुंपण किती उंच असावं यावर युरोपने एक रेष आखून दिली आहे. २० जानेवारी २०२१ रोजी युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. बांदाई नामको, कॅपकॉम, फोकस होम, कोख मीडिया आणि झेनीमॅक्स हे ते पाच. पोलंड, हंगेरी, रोमानिया, चेक प्रजासत्ताक अशा पूर्वेकडच्या देशांत घेतलेली गेमची 'की', म्हणजे गेम सुरू करायचा सांकेतिक क्रमांक, पश्चिमेकडे चालू नये अशी व्यवस्था त्यांनी केली होती. एका सामायिक बाजारात असं अडवणं बेकायदा, असं आयोगाने ठरवलं. त्या निर्णयाला दुसरी बाजूही आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. कुंपण घालता आलं नाही तर विकणारा सगळीकडे वरचाच भाव लावतो, आणि त्याचा फटका गरीब देशातल्या ग्राहकाला बसतो. सगळ्या जगाला एकच भाव हे ऐकायला समतेचं वाटतं, पण वाशिममधून पाहिलं तर तो श्रीमंतांचा भाव असतो.

या प्रश्नावर सर्वांत शिकण्यासारखा प्रवास पोलंडच्या गॉग या दुकानाचा आहे. २००८ मध्ये ते सुरू झालं तेच दोन वचनं देऊन. गेमला कॉपी रोखणारं कुलूप नाही, आणि जगभर भाव एक. २०१४ मध्ये काही नव्या गेमसाठी प्रादेशिक भाव लावायचं त्यांनी जाहीर केलं आणि ग्राहक खवळले. भडकले ते मुख्यतः युरोप आणि ऑस्ट्रेलियातले, कारण प्रादेशिक भाव म्हणजे त्यांना जास्त पैसे. दुकानाने माघार घेतली आणि पुढे एक तोडगा काढला. ज्या ग्राहकाला अमेरिकेपेक्षा जास्त द्यावे लागतील, त्याला फरकाची रक्कम दुकान आपल्या वाट्यातून खात्यात जमा करील. हे त्यांनी पाच वर्षांच्या आसपास पाळलं. २०१९ मध्ये ती योजना बंद करताना त्यांनी कारणही आकड्यांत सांगितलं: सरासरी १२ टक्के रक्कम परत जाते, काही वेळा ३७ टक्क्यांपर्यंत, आणि प्रकाशकांना द्यायचा वाटा वाढल्यामुळे हे झेपत नाही. ग्राहक नाराज झाले, पण दुकानावरचा विश्वास पुरता उडाला नाही. मला याचं कारण सरळ दिसतं. वचन दिलं, पाळलं, मोडावं लागलं तेव्हा हिशेब समोर मांडला.

दुसऱ्या टोकाला फॅक्टोरिओ हा गेम करणारी चेक प्रजासत्ताकातली वुबे कंपनी आहे. तिने आपला गेम कधीही सवलतीत विकला नाही. जे आज घेतील त्यांना महिन्याने फसल्यासारखं वाटू नये, ही त्यामागची भूमिका. याच कंपनीने चोरीच्या कार्डांनी घेतलेल्या की जीटूए या बाजारात विकल्या गेल्याची तक्रार लावून धरली आणि २०२० मध्ये जीटूएला सुमारे ४० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. अशा की-बाजारांचं आकर्षण आपल्याकडेही आहे. अधिकृत दुकानात ३,००० चा गेम तिथे १,२०० ला दिसला की हात पुढे जातोच. पण की रद्द झाली की तक्रार घ्यायला कुणी नसतं, आणि पहिल्यांदाच पैसे मोजून गेम घेणारा पोरगा पुन्हा चोरीच्या फाइलकडे वळतो.

हे सगळं संगणक आणि प्लेस्टेशनचं झालं. वाशिम जिल्ह्यात बहुतेकांचं गेमचं दुकान म्हणजे मोबाइलमधलं प्ले स्टोअर, आणि तिथला व्यवहार दहा-वीस रुपयांपासून सुरू होतो. गूगलने जुलै २०१५ मध्ये भारतात विकायच्या वस्तूची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. प्रादेशिक भावाचा हा सर्वांत परिणामकारक निर्णय होता असं मी म्हणेन, कारण त्याने भावच नव्हे, मालाचं माप बदललं. पण त्याबरोबर दुसरी अडचण आली. गेम फुकट, आत मात्र यूसी आणि डायमंड ही गेममधली नाणी. रुपये देऊन डायमंड घ्यायचे, डायमंड देऊन बंदुकीचा रंग घ्यायचा. डायमंडचे गठ्ठे असे बांधलेले की हवी तेवढी संख्या क्वचितच जुळते, थोडे उरतात नाहीतर थोडे कमी पडतात. रुपयातला भाव मिळाला, पण तो एका पडद्याआड गेला. बारा वर्षांच्या मुलाला आपण वडिलांच्या यूपीआयमधून आज किती खर्च केले हे सांगता येत नाही, आणि वडिलांनाही नाही.

भरवशाची खरी परीक्षा झाली २०२० मध्ये. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण बंद झाली. ज्यांनी टॉप-अप करून यूसी घेतले होते, पोशाख जमवले होते, त्यांच्या हातात काही उरलं नाही. क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया आणला तेव्हा जुन्या खात्यातला माल नव्यात हलवण्याची सोय दिली, आणि अनेकांचा जीव भांड्यात पडला. पण जुलै २०२२ च्या अखेरीस तोही दुकानांतून निघाला आणि मे २०२३ अखेर परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, फ्री फायर मॅक्स राहिला. बंदीमागची सरकारची कारणं सुरक्षेची होती आणि त्यावर इथे वाद घालायचा नाही. मुद्दा ग्राहकाचा आहे. दुकान बंद होतं तेव्हा आगाऊ भरलेल्या पैशाचं काय, याचं उत्तर विक्रीच्या वेळीच लिहिलेलं असायला हवं होतं. ते नव्हतं.

विकत घेणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आता मोठ्या देशांतही पेटला आहे. युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पूर्ण पैसे देऊन घेतलेला गेम निकामी झाला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना बंधन घातलं: ग्राहकाला मालकी मिळत नसून वापराचा परवाना मिळतो हे स्पष्ट सांगा. स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. भारतीय ग्राहकाला ही ओळ दिसते ती कॅलिफोर्नियाच्या कृपेने.

परताव्याचंही तसंच. गेम घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत, हा स्टीमचा नियम जून २०१५ चा. त्याआधीच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं. आमचा ऑस्ट्रेलियात धंदाच नाही, असा कंपनीचा एक बचाव होता. तिथे सुमारे २२ लाख खाती होती. कोर्टाने बचाव फेटाळला आणि डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, जो पुढे अपिलातही टिकला.

आपल्याकडे कायदा कमजोर आहे असं समजायचं कारण नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४-७५ पासून ज्या महाराष्ट्रात रुजली, तिथे तर नाहीच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अंमल २० जुलै २०२० पासून. त्याच महिन्यात आलेले ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंना लागू आहेत, आणि भारतात कार्यालय नसूनही इथे पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी दुकानालाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. परिस्थिती न पाहता अवाजवी नफ्यासाठी किंमत फुगवायची नाही, आणि एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करायचा नाही. माझ्या मते जर्मनीतला आणि वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यातला ग्राहक एका वर्गात येत नाहीत, तेव्हा प्रादेशिक भावाला हा नियम आड येत नाही. पण मानोरा आणि वांद्रे यांतल्या दोघांना एकाच दिवशी वेगळी सवलत दाखवली तर तो प्रश्न नक्की उभा राहतो. म्हणूनच जिल्ह्यागणिक भाव लावा अशी मागणी मी करणार नाही. त्यासाठी दुकानाला प्रत्येकाच्या पत्त्यावर आणि खिशावर नजर ठेवावी लागेल, आणि ती नजर स्वस्ताईपुरती थांबणार नाही.

कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दुकानाच्या करारात वाद अमेरिकेतल्या किंग काउंटीच्या कोर्टात चालेल असं लिहिलेलं असलं, तरी वाशिमचा ग्राहक वाशिमच्या आयोगाचं दार ठोठावू शकतो. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ९०० रुपयांसाठी कोण एवढं करणार, असं लोक म्हणतात. पण ऑस्ट्रेलियातला खटलाही अशाच थोड्याथोडक्या रकमांच्या परताव्यांवरून उभा राहिला होता.

काही उणिवा मात्र खऱ्या आहेत. सीडीच्या डब्यावर एमआरपी छापलेली असे, कारण वेष्टनबंद मालाला ती सक्तीची. डाउनलोडला एमआरपी नाही. युरोपात मे २०२२ पासून सवलत दाखवताना मागच्या ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव सांगावा लागतो. आपल्याकडे तसा नियम नाही. स्टीम स्वतःच्या नियमाने भाववाढीनंतर ३० दिवस सवलत देऊ देत नाही हे चांगलं, पण ते दुकानाच्या मर्जीवर आहे. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवले, खोटी घाई आणि शेवटी वाढणारी किंमत हे त्यांतले. गेममधल्या डायमंडच्या गठ्ठ्यांकडे त्या नजरेने पाहायला हवं.

आणि गेम करणाऱ्यांचं काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी: अॅन एन्शंट एपिक आणला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरची त्यांची मागणी २०१७ मध्ये पुरी झाली नव्हती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. अशा छोट्या चमूच्या मिळकतीतून दुकानाचा वाटा जातो, स्टीमवर साधारण ३० टक्के, आणि भारतीय ग्राहकाने दिलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटीही आहे. इथला कमी भाव त्यांनाही सोसावा लागतो. प्ले स्टोअरवर आपलीच बिलिंग पद्धत लादल्याबद्दल स्पर्धा आयोगाने गूगलला ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६ कोटींचा दंड केला. अपील लवादाने तो २०२५ मध्ये २१६ कोटींवर आणला, पण ठपका पुसला नाही. दुकानाचा वाटा कमी झाला तर ग्राहकाचा भाव न वाढवता पुण्यातल्या निर्मात्याच्या हाती जास्त पडेल, आणि माझा कल त्या दिशेला आहे.

रुपयात भाव सुरू झाला तेव्हा डॉलर ६६ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे भारताचा सुचवलेला तक्ता पुन्हा बदलण्याची वेळ फार लांब नाही. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानच्या ग्राहकांना चलन बदलण्याची सूचना सुमारे चार आठवडे आधी मिळाली होती. वाशिममधल्या ग्राहकालाही तेवढी मुदत मिळावी, गेमच्या पानावर, तारखेसकट, जुना आणि नवा भाव शेजारी शेजारी लिहून.